खो-खोचं अख्खं मैदान एका चित्रात: बडोद्यातील तीन कॅमेऱ्यांची जोडणी

पार्श्वभूमी

बडोद्यातल्या मराठी वस्तीला मैदानी खेळांची ओढ जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांच्या काळात (१८७५ ते १९३९) आखाड्यांना राजाश्रय होता, आणि प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचं नाव आजही आदराने घेतलं जातं. या प्रकरणातलं मंडळ त्याहून खूपच लहान आहे. दांडिया बाजार परिसरातल्या दाट वस्तीत त्यांचं एकच मैदान आहे, आणि तिथे दर जानेवारीत, उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आधीच्या आठवड्यात, तीन संध्याकाळची खो-खो स्पर्धा होते. ओळख पटू नये म्हणून मंडळाचं नाव आणि वर्ष दिलेलं नाही.

स्पर्धा इंटरनेटवरून थेट दाखवायची पद्धत आधीपासूनच होती. पुण्या-मुंबईला आणि परदेशात गेलेले जुने खेळाडू ती बघतात. आदल्या वर्षी एका माणसाने एक कॅमेरा फिरवत सगळं टिपलं होतं, आणि तक्रार एकच आली होती, पण ती वर्मावर बोट ठेवणारी होती: खो कुणी दिला तेच दिसत नाही.

ती खरीही होती. खो-खोत कॅमेरा पळणाऱ्या गड्याच्या मागे फिरतो, आणि पुढचा खो मात्र चित्राबाहेर बसलेल्याला मिळतो. खांबाजवळ गडी वळला की पाठलाग करणारा दिशा बदलतो आणि कॅमेरा अर्धा सेकंद उशिरा पोहोचतो. या खेळाला दोन्ही खांब, आठही चौरस (पाठलाग करणाऱ्या संघाच्या बसायच्या जागा) आणि तुकडीतले तिन्ही संरक्षक सतत डोळ्यांसमोर हवेत.

अडचण

मोठ्या गटाचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. दोन खांबांत सुमारे २४ मीटर अंतर, मध्ये ३० सेंटिमीटर रुंदीची मध्यपाटी, तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या, आणि दोन पाट्यांत २.३० मीटरची मोकळी जागा. इथे लांब बाजूच्या मागे अवघ्या ६ मीटरवर कंपाउंडची भिंत आहे. भिंतीलगत पाइपचा ५ मीटर उंच मनोरा उभा करता येतो. त्यापेक्षा मागे जायला जागा नाही.

६ मीटरवरून जवळची २७ मीटरची रेषा पूर्ण बघायची तर सुमारे १३२ अंशांचं चित्र लागतं. मोबाइलच्या अतिरुंद लेन्सला आडवे १०८ अंशांच्या आसपास मिळतात. त्यात मध्यपाटी आणि दोन्ही खांब येतात, पण जवळच्या रेषेचे २७ पैकी १६ मीटरच दिसतात. त्यात सामने संध्याकाळी पाचला सुरू होऊन फ्लडलाइटखाली संपतात, आणि मोबाइलच्या त्या लेन्समागचा सेन्सर रात्री फारच कमी पडतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे एकाच डब्यात चार सेन्सर असलेला तयार पॅनोरमा कॅमेरा. कटकट कमी होती, पण भाड्याने मिळत असलेल्या मॉडेलमध्ये चित्र कुठल्या अंतरावर अचूक जुळावं हे बदलता येत नव्हतं, आणि एक्स्पोजरही (उजेड किती घ्यायचा ते) पूर्ण हातात येत नव्हतं. तो सोडला.

दुसरा पर्याय सीसीटीव्ही बसवणाऱ्यांनी सुचवला: भिंतीवर ९-९ मीटरवर तीन कॅमेरे लावायचे, प्रत्येकाने मैदानाचा तिसरा हिस्सा बघायचा, आणि फक्कीच्या रेषा जुळवून चित्रं जोडायची. समितीतल्या बहुतेकांना हाच पटला होता, कारण प्रत्येक कॅमेऱ्याला आपला भाग जवळून दिसतो. शिवाय जमीन सपाट असल्याने रेषा खरोखरच तंतोतंत जुळतात.

घोटाळा जमिनीच्या वर होतो. जमिनीच्या पातळीवर जुळवलेल्या चित्रात पाय जुळतात, पण जमिनीपासून वर असलेला प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून दूर ढकलल्यासारखा उतरतो. कॅमेरा ५ मीटरवर आणि डोकं १.६ मीटरवर असेल तर ढकलण्याचं प्रमाण १.६ भागिले ३.४, म्हणजे ०.४७. दोन कॅमेऱ्यांत ९ मीटर अंतर असेल तर एकाच गड्याचं डोकं दोन चित्रांत ४.२ मीटर लांब-लांब पडतं. जोडावर उभा गडी इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो: पाय एकत्र, धडं दोन दिशांना. चौरसात बसलेला गडीही सुटत नाही, त्याच्या डोक्यात दोन मीटरचा फरक येतो. कॅमेऱ्यांच्या जागेनेच हे घडतं. पुढे कितीही भारी सॉफ्टवेअर लावलं तरी ते पुसता येत नाही. समितीच्या बैठकीत कागदावर एवढाच हिशेब मांडला गेला आणि हा पर्याय मागे पडला.

तिसरा पर्याय: तिन्ही कॅमेरे एकाच मनोऱ्यावर, लेन्स शक्य तितक्या जवळ, आणि फक्त दिशा वेगळ्या. तोच ठरला.

मांडणी

तीन बुलेट कॅमेरे (नळीच्या आकाराचे सीसीटीव्ही) घेतले: ४ मेगापिक्सेल, २५६० गुणिले १४४०, ४ मिमी लेन्स, आडवे सुमारे ८० अंश. मधला समोर, बाजूचे दोन ४०-४० अंश वळवलेले, म्हणजे शेजारच्या दोन चित्रांत निम्मा भाग सामाईक. मनोऱ्यापासून मध्यपाटी १४ मीटरवर आहे आणि खांब मध्यापासून १२ मीटरवर, म्हणून खांब जवळजवळ बरोबर ४० अंशांवर येतात. त्यामुळे प्रत्येक खांब बाजूच्या कॅमेऱ्याच्या ऐन मध्यावर बसला आणि जोड २० अंशांवर, खांबाकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या चौरसाच्या मधल्या मोकळ्या जागेत गेला. खांबावर गडी बाद होतो, तिथे चित्रात जोड असता कामा नये, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

लेन्समधलं अंतर कमी करण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. बुलेट कॅमेरे पंख्यासारखे शेजारी-शेजारी लावले की त्यांची धडं मागे एकमेकांना भिडतात आणि लेन्स जवळपास ३० सेंटिमीटर लांब राहतात. मध्यपाटीवर जुळवलेल्या चित्रात त्यामुळे जवळच्या रेषेवरचा गडी जोडावर सुमारे २५ पिक्सेल सरकतो. (तिन्ही चित्रं जोडून होणारा पॅनोरमा ३८४० पिक्सेलचा आणि १६० अंशांचा, म्हणजे अंशाला २४ पिक्सेल.) त्या अंतरावर गड्याची छाती ७५ पिक्सेल रुंद दिसते, म्हणजे तिचा तिसरा हिस्सा नाहीसा होतो किंवा दोनदा दिसतो.

म्हणून कॅमेरे एकावर एक, तीन मजल्यांत लावले. लोखंडी पट्टीचा कंस बनवून घेतला, मजल्यांत ८-८ सेंटिमीटर ठेवले, आणि गवंड्याचा ओळंबा वरून सोडून तिन्ही लेन्सच्या काचांचा मध्य एकाच दोऱ्यावर येईपर्यंत कॅमेरे पुढे-मागे सरकवले. मधल्या मजल्यावर समोरचा कॅमेरा, म्हणजे दोन्ही बाजूंचे त्याच्यापासून सारख्याच अंतरावर राहतात. आता फरक उरला तो फक्त उभा, जवळच्या रेषेवर ५ ते ७ पिक्सेल आणि लांबच्या रेषेवर २-३. जोड ओलांडताना गड्याच्या खांद्याला किंचित पायरी पडते, पण गड्याचे दोन होत नाहीत.

केबल ६० मीटरची, कॅट ६. वीज त्याच केबलमधून. प्रत्येक कॅमेरा एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम, ८ मेगाबिट. बिटरेट वाचवणारा स्मार्ट कोडेक बंद ठेवला, कारण तो मुख्य, म्हणजे पूर्ण चित्र असलेल्या, फ्रेममधलं अंतर मनाप्रमाणे वाढवतो आणि स्ट्रीम तुटली तर पुन्हा चित्र यायला वेळ लागतो.

रंग आणि उजेड

जोड डोळ्यांना खुपतो तो बहुतेक वेळा उजेडातल्या फरकामुळे. तीन कॅमेरे आपापल्या मर्जीने एक्स्पोजर ठरवू लागले तर पांढऱ्या गणवेशाचा संघ एका चित्रात शिरताच तेवढाच भाग काळवंडतो. त्यामुळे एक्स्पोजर, गेन (अंधारात चित्र कृत्रिमरीत्या उजळणं) आणि व्हाइट बॅलन्स (पांढऱ्या रंगाची छटा) तिन्हींवर हाताने आणि एकसारखे बांधले. शटर १/१०० सेकंद ठेवलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि १/१०० मध्ये एक पूर्ण आवर्तन मावतं. गडी स्पष्ट दिसावेत म्हणून सरावाच्या दिवशी १/२५० करून पाहिलं, तेव्हा स्वस्त एलईडी दिव्यांखाली तिन्ही चित्रं वेगवेगळ्या तालात धडधडू लागली. १/१०० ला ६ मीटर प्रतिसेकंद वेगाचा गडी ६ सेंटिमीटर पुसट होतो, तेवढं चालतं.

जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पहिल्या सामन्यातच उजेड उतरत जातो. एक्स्पोजर बांधलेलं असल्याने दर दहा मिनिटांनी तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी नवा आकडा पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. दिवस-रात्र मोडही ‘दिवस’वर कायम करावा लागला. सरावात तो स्वयंचलित राहून गेला होता: दिव्यांच्या खांबांपासून लांब असलेला मधला भाग सर्वांत काळोखा, त्यामुळे मधला कॅमेरा आधी कृष्णधवल झाला आणि कडेचे दोन रंगीत राहिले.

जुळणी आणि वेळ

ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअर-संग्रहात चित्रं जोडण्याची तयार सोय आहे. ती प्रत्येक वेळी सामाईक खुणा शोधून जुळणी नव्याने काढते. स्थिर फोटोंसाठी ती उत्तम आहे. थेट व्हिडिओत मात्र ती संथ पडते, शिवाय गडी हलले की जुळणीही हलते आणि मैदान थरथरतं. कॅमेरे एकमेकांच्या सापेक्ष स्थिर असतील तर जुळणी एकदाच काढायची, प्रत्येक पिक्सेल कुठून उचलायचा याचा नकाशा फाइलमध्ये ठेवायचा, आणि पुढे प्रत्येक फ्रेमला तोच लावायचा. ग्राफिक कार्डावर हे काम सहज होतं.

आधी प्रत्येक लेन्सचा बाक (सरळ रेषा ती किती वाकवते ते) मोजला, बुद्धिबळाच्या पटासारख्या छापील तक्त्याचे पंचवीसेक फोटो घेऊन. मग सामाईक पट्ट्यातल्या खुणा घेतल्या. पहिल्या प्रयत्नात पाट्यांचे सगळे छेद घेतले होते, अगदी जवळच्या रेषेवरचेही. तिथला फरक मुळात लेन्समधल्या अंतरामुळे आहे, आणि गणिताने तो सगळीकडे वाटून टाकला. परिणामी कुठलीच पाटी धड जुळेना. दुसऱ्या वेळी जवळच्या खुणा गाळल्या, आणि दोन मुलांना मध्यपाटीवर बांबू उभे धरायला लावले. बांबूंना अर्धा, एक आणि दीड मीटरवर लाल टेप गुंडाळलेला होता. गडी जिथे असतात त्या उंचीवरच्या या खुणांनी जुळणी चटकन बसली. जोडावर दोन चित्रांचं मिश्रण फक्त ४० पिक्सेलांत केलं. ते रुंद केलं की जोड मऊ दिसतो, पण त्यात शिरलेल्या गड्याची सावली-जोडी दिसते.

वेळेचा घोळ सरावातच सापडला हे बरं झालं. पळणारा मुलगा जोडाशी आला की नाहीसा व्हायचा आणि क्षणाने पुढे उगवायचा. मोबाइलवर सेकंदाचे हजारावे भाग दाखवणारं स्टॉपवॉच सामाईक पट्ट्यात धरलं, तेव्हा मधल्या चित्रात १२.६४० आणि डाव्या चित्रात १२.४८० होतं. १६० मिलिसेकंद म्हणजे चार फ्रेम, म्हणजे पळत्या गड्याचं जवळजवळ एक मीटर. प्रोग्राम प्रत्येक स्ट्रीममधून हाताला आलेली शेवटची फ्रेम उचलत होता, आणि तिन्हींचे बफर वेगवेगळे भरलेले होते. तिन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) त्याच संगणकाशी जोडली, आणि फ्रेम टिपल्याच्या वेळेप्रमाणे सर्वांत जवळच्या तीन फ्रेम एकत्र घेण्याची व्यवस्था केली. फरक २० मिलिसेकंदांवर आला. असे कॅमेरे एकाच ठोक्यावर शटर उघडत नाहीत, त्यामुळे त्याखाली जाता येत नाही.

पहिली संध्याकाळ

चित्र तांत्रिकदृष्ट्या चोख होतं, तरी प्रेक्षक खूश नव्हते. अख्खा पॅनोरमा लांबट पट्टीसारखा, वर-खाली काळी जागा सोडून पाठवला होता. मोबाइलवर ती पट्टी बोटभर उंच दिसते. शिवाय दंडगोल प्रक्षेपणामुळे (चित्र नळकांड्यावर उतरवून उलगडल्यामुळे) जवळची रेषा केळ्यासारखी वाकलेली. प्रक्षेपण सपाट केलं तर रेषा सरळ होतात, पण ६६ अंशांवरच्या कडेला चित्र आडवं सहापट ताणलं जातं आणि कोपऱ्यातला गडी पसरट होतो.

रात्री बसून मांडणी बदलली. १९२० गुणिले १०८० च्या चौकटीत वरचा अर्धा भाग पूर्ण पॅनोरमाला, वाकलेल्या रेषांसह. खाली डावीकडे ४० अंशांची एक खिडकी, सपाट प्रक्षेपणातली; ती एक कार्यकर्ता माउसने खेळ जिथे असेल तिथे सरकवतो. खाली उजवीकडे गुण आणि नऊ मिनिटांचं घड्याळ. दुसऱ्या दिवसापासून रेषांबद्दल कुणी बोललं नाही, कारण जवळून बघायचं असेल तेव्हा डोळा आपोआप खालच्या खिडकीकडे जात होता.

याच रात्री पंचांकडून विचारणा आली: मध्यपाटी ओलांडल्याचा फाउल या चित्रावर तपासता येईल का? आयोजकांनी नाही म्हटलं, आणि तो निर्णय योग्य होता. जोड मध्यपाटीलाच छेदतो आणि तिथे २० मिलिसेकंदांत गडी १२ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. जोडलेल्या चित्रावरून पाय पाटीवर होता की पलीकडे, हे सांगणं खेळाडूवर अन्याय ठरेल. तिन्ही कॅमेऱ्यांचं मूळ चित्रण मात्र स्वतंत्र साठवलं आणि हवं तर ते दाखवायची तयारी ठेवली.

दुसरी संध्याकाळ: तुटलेली पाटी

पावणेपाचला पडद्यावर डावीकडच्या जोडाशी तिसरी पाटी तुटलेली दिसली. सुमारे ३० पिक्सेलांचा फरक, म्हणजे डावा कॅमेरा सव्वा अंश फिरलेला. मनोऱ्यावर चढल्यावर कारण सापडलं. कटलेल्या पतंगाचा मांजा डाव्या कॅमेऱ्याच्या केबलच्या सैल वेटोळ्यात अडकला होता, आणि खालून कुणीतरी पतंगासाठी तो ओढला होता. उत्तरायण चार दिवसांवर असताना बडोद्याच्या आकाशात हे व्हायचंच.

इथे चूक झाली. शिडीवरचा कार्यकर्ता कॅमेरा हाताने पूर्ववत करू लागला आणि खालून सूचना सुरू झाल्या: जरा डावीकडे, नाही, परत. दहा मिनिटं त्यात गेली. कॅमेऱ्याचं धड १५ सेंटिमीटर लांब. पडद्यावरचा एक पिक्सेल म्हणजे त्याच्या टोकाशी ०.१ मिलिमीटर. हाताने ते साधत नाही.

मग स्क्रू आवळून टाकला आणि जुळणी सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करायचं ठरलं. पूर्ण जुळणीला बांबू आणि पंचवीस मिनिटं लागली असती. लेन्सचा बाक बदललेला नव्हता, फक्त दिशा बदलली होती. त्यामुळे मध्यपाटीच्या आसपासचे सहा छेद निवडून फक्त डाव्या कॅमेऱ्याचे तीन कोन नव्याने काढले. त्यालाही बारा मिनिटं लागली, कारण तशी सोय आधी लिहिलेली नव्हती. सामना पाचला सुरू झाला तो केवळ मधल्या कॅमेऱ्यावर. त्याच्या ८० अंशांत ४० अंशांवरचे खांब नेमके कडेबाहेर राहतात. पहिली सात मिनिटं प्रेक्षकांना दोन्ही खांब दिसले नाहीत, आणि त्यातच एक गडी खांबावर सूर मारून बाद झाला.

परिणाम

तिसरी संध्याकाळ निर्वेध पार पडली. खो कुणी दिला ही तक्रार पुन्हा आली नाही. आयोजकांना न सुचलेला एक उपयोग प्रशिक्षकांनी काढला: पॅनोरमाचं चित्रण लावून तुकडीतला तिसरा गडी पहिल्या दोघांच्या पळतीत कुठे उभा राहतो हे मुलांना दाखवायला त्यांनी सुरुवात केली. फिरत्या कॅमेऱ्यात तो गडी कधीच दिसत नसे.

वेगळं काय करता आलं असतं

केबल कॅमेऱ्यापासून एका वीतभर अंतरावर कंसाला पट्ट्यांनी बांधली असती तर मांज्याचा ताण कंसावर गेला असता. यासाठी लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या पिशवीत होत्या. कंसाचे गोल सांधेही नुसते आवळून न ठेवता दिशा ठरल्यावर कडेने एकेक स्क्रू मारून कायम करायला हवे होते.

राखीव चित्राचा विचार कमी पडला. त्याच मनोऱ्यावर २.८ मिमी लेन्सचा, सुमारे १०० अंशांचा चौथा कॅमेरा लावला असता तर जोडणी बंद पडली तरी दोन्ही खांब चित्रात राहिले असते.

तीन कोनांची झटपट दुरुस्ती आता तयार आहे: सहा छेदांवर क्लिक, दोन मिनिटांच्या आत नवा नकाशा. त्यासोबत एक तपासणीही ठरली आहे. सामन्याच्या अर्धा तास आधी, फक्की ताजी असताना, दोन्ही जोडांवरची पाटी पडद्यावर मोठी करून बघायची, आणि फरक ४ पिक्सेलांच्या वर असेल तर शिडीला हात न लावता थेट संगणकावर बसायचं.

मनोऱ्याच्या उंचीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ५ ऐवजी ७ मीटरवर गेलं तर बसलेल्या गड्यांच्या मागे पळणारा संरक्षक अधिक मोकळा दिसतो, आणि जवळच्या रेषेचं अंतर वाढल्याने जोडावरचा फरकही कमी होतो. पण ७ मीटरचा पाइप वाऱ्यात जास्त झुलतो. तिन्ही कॅमेरे एकाच कंसावर असल्याने जुळणी बिघडत नाही, अख्खं चित्र मात्र डोलतं. त्यासाठी तीन दिशांना ताणतारा लागतील, आणि त्यातली एक शेजारच्या वाड्याच्या गच्चीवर बांधावी लागेल. त्या घरच्या काकूंनी हो म्हटलं आहे, फक्त उत्तरायणाच्या दिवशी गच्ची मोकळी हवी एवढी त्यांची अट आहे.